फिक्सी जोडायची आणि चालवायची, पुण्यात राहून, खिसा न फाडता

सिग्नलला उभं राहिलं की कोणीतरी विचारतंच, "काय हो, ब्रेक फेल झालाय का?" कारण मी पाय खाली न टेकवता सायकल जागच्या जागी इंचभर पुढं, इंचभर मागं करत असतो. मग सिग्नल सुटायच्या आत ४० सेकंदात फिक्सी म्हणजे काय ते सांगायचं असतं आणि ते काही जमत नाही. म्हणून एकदाच सगळं नीट लिहून ठेवतोय, ज्यांना हात काळे करायची हौस आहे त्यांच्यासाठी.

आपल्या नेहमीच्या सायकलला मागे फ्रीव्हील असतं, पायडल थांबवलं तरी चाक फिरत राहतं आणि ती टिकटिक ऐकू येते. फिक्सीत फ्रीव्हील नसतंच, दात्यांची चकती म्हणजे कॉग, तो हबला, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याला, पक्का बसवलेला असतो, त्यामुळे चाक फिरतंय तोवर पायडल फिरणार, तुमची इच्छा असो वा नसो. पायाने उलटा जोर लावला की सायकल हळू होते. संपली थिअरी. वेलोड्रोमवर, म्हणजे सायकलींच्या आतल्या बाजूला कललेल्या गोल ट्रॅकवर, रेससाठी याच सायकली वापरतात आणि जपानमध्ये १९४८ पासून केइरिन म्हणून यांच्याच शर्यतींवर लोक अधिकृतपणे पैसे लावतात.

मग रस्त्यावर कशाला चालवायची? मला विचाराल तर एकच कारण, शहराचा उतार पायाला कळतो. मी लहानपणापासून पुण्यात आहे पण नळस्टॉपकडून डेक्कनला जाताना रस्ता उतरत जातो हे फिक्सीवर बसेपर्यंत मला खरंच जाणवलं नव्हतं, गाडीवर तर सोडाच, गिअरच्या सायकलवरही नाही. पायडल आपोआप जोरात फिरायला लागली आणि मी मनात म्हटलं, अरेच्चा, हा उतार आहे!

आधी फ्रेम शोधा, बाकी सगळं नंतर

नवीन तयार फिक्सी मिळते, पैसे असतील तर खुशाल घ्या, पण मजा जुन्या लोखंडी फ्रेममध्ये आहे. अ‍ॅटलस, हिरो जेट, हर्क्युलस, ज्यावरून दूधवाले आणि पोस्टमन फिरायचे ती काळी दणकट सायकल. अ‍ॅटलसचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० ला बंद पडला, म्हणजे नेमका जागतिक सायकल दिनाला, याहून कडू योगायोग शोधून सापडणार नाही. पण त्या सायकली अजून सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये धूळ खात उभ्या आहेत. आधी स्वतःच्या सोसायटीत विचारा, सेक्रेटरीला पकडा, "ती जिन्याखालची कोणाची?" असं. नाही मिळाली तर जुना बाजार, बुधवारी आणि रविवारी, सकाळी लवकर जा. तिथे घासाघीस करावी लागते हे पुणेकराला सांगायला नको, फक्त सायकल कुठून आली ते विचारा आणि उत्तर गोलगोल वाटलं तर पुढे चला, चोरीची सायकल गळ्यात पडली तर सगळा छंद पोलीस चौकीत संपतो.

बघायचं काय, तर सगळ्यात आधी मागच्या चाकाची खाच. ती आडवी पाहिजे, म्हणजे चाक पुढेमागे सरकवता आलं पाहिजे, कारण फिक्सीत चेनचा ताण फक्त चाक मागे ओढूनच ठरतो. गिअरच्या नव्या सायकलींना खाच बहुतेक उभी असते, तिथे चाक एकाच जागी बसतं. मग लोक म्हणतात टेन्शनर, म्हणजे चेन ताणून धरणारा पुर्जा, लावू. नाही चालत. उलटा जोर लावला की चेनचा खालचा भाग ताणला जातो, तो टेन्शनर वाकतो किंवा तुटतो, आणि तुम्ही रस्त्यावर.

दुसरं, फ्रेम सरळ आहे का. ही युक्ती मला पेठेतल्या एका मेकॅनिक काकांनी दाखवली. एक लांब सुतळी घ्यायची, मागच्या खाचेच्या एका बाजूला बांधायची, पुढे हँडलच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या बाजूच्या खाचेला आणून ताणून बांधायची. मग सीटच्या नळीपासून दोन्हीकडच्या सुतळीपर्यंतचं अंतर पट्टीने मोजायचं. सारखं आलं तर मागचा भाग सरळ. माझ्या पहिल्या फ्रेममध्ये ९ मिमीचा फरक आला, काकांनी नुसतं चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाले, "ही भिंतीवर टांगा, शोभेल." तिसरं, पुढच्या चिमट्याच्या लगेच मागे, वरच्या आणि खालच्या नळीच्या खालून बोट फिरवा, रंगाला सुरकुती लागली तर सायकल कधीतरी समोरून धडकलेली आहे, सोडून द्या. वरवरचा गंज चालतो, सांध्याला चीर असेल तर अजिबात नाही.

मागचं चाक, जिथे सगळे फसतात (मी पण)

माझा पहिला प्रयत्न सांगतो म्हणजे तुम्ही तो करणार नाही. मला वाटलं फ्रीव्हील आहेच, ते आतून वेल्डिंग करून टाकलं की झाली फिक्सी, शंभर रुपयांत काम. केलं. दोन दिवस झकास चालली. तिसऱ्या दिवशी डेक्कनच्या बाजूने भिडे पुलाकडे उतरताना उलटा जोर लावला आणि पाय एकदम मोकळे झाले, म्हणजे पायडल मागे फिरतायत आणि सायकल पुढे चाललीय. फ्रीव्हील सरळ आट्यांवर बसतं, पुढे पायडल मारलं की आवळत जातं आणि उलटा जोर दिला की सुटत जातं, इतकी साधी गोष्ट आणि माझ्या डोक्यात आली नव्हती. पुढचा ब्रेक काढला नव्हता म्हणून आज लिहितोय.

खऱ्या फिक्सी हबला म्हणूनच दोन वेगवेगळे आटे असतात. कॉग सरळ आट्यांवर, आणि त्याच्याबाहेर जरा लहान व्यासाचे उलटे आटे, त्यावर लॉकरिंग, म्हणजे कॉगला अडवणारी कडी. कॉग सुटायला बघतो तेव्हा लॉकरिंग उलटी आवळली जाते आणि त्याला अडवते. जुन्या हबला ही दुसरी पायरी नसते, तिथे नुसता कॉग बसवणं म्हणजे मी केलं तेच. तेव्हा मागचा हब नवीन घ्याच, इथे काटकसर नको. फ्लिपफ्लॉप हब मागा, त्याला एका बाजूला फिक्सचा कॉग आणि दुसऱ्या बाजूला साधं फ्रीव्हील बसतं, चाक काढून उलटं लावलं की सायकल बदलते. टूर द फ्रान्समध्ये १९३७ पर्यंत गिअर बदलायच्या डिरेलरला परवानगी नव्हती, तेव्हा रेसवाले घाटाच्या पायथ्याला उतरून असंच चाक उलटं करायचे आणि दुसऱ्या बाजूच्या दात्यांवर घाट चढायचे.

आता आऱ्यांचा हिशोब. आपल्या जुन्या काळ्या सायकलला पुढे ३२ आरे आणि मागे ४० असतात. फिक्सीचे हब साधारण ३२ किंवा ३६ भोकांचे मिळतात. म्हणजे जुनी मागची रिम बाद! पण यावर स्वस्त उपाय आहे, ३२ भोकांची पुढची रिम अजून एक घ्यायची आणि ती मागे नव्या ३२ च्या हबवर बांधायची. दूधाचे कॅन वाहायचे नसतील तर ३२ आरे पुरतात. आरे घालणं आणि चाकाचा आउट काढणं, म्हणजे डुलणारं चाक सरळ करणं, हे पहिल्यांदा मेकॅनिककडूनच करून घ्या, पण शेजारी स्टूल टाकून बसा आणि बघा, बघून येतं. मी दोन चाकं बघितली, तिसरं स्वतः बांधलं, चौथ्यांदा ते सरळ झालं.

हब १२० मिमी रुंदीचा असतो, जुन्या फ्रेममधली जागा त्याहून थोडी कमी निघू शकते. लोखंडी फ्रेम दोन्ही बाजूंनी सारखी थोडी फाकवता येते, हे काम जाणत्याकडून करून घ्या आणि नंतर परत सुतळी लावून बघा. अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम असेल तर फाकवायचा विचारही करू नका. एक्सल, म्हणजे चाकाचा आस, खाचेत अडकत असेल तर कानशीने किंचित, अगदी किंचित घासा.

कॉग बसवताना आट्यांना ग्रीस, हाताने शेवटपर्यंत फिरवा, आडवा गेला तर हब गेला. मग कॉग आवळायचा, चेनचा तुकडा लावलेला पाना घेऊन जोर लावा. मग लॉकरिंग, घड्याळाच्या उलट दिशेने, आकड्यासारखा पाना मिळतो त्याने. छिन्नी-हातोडी वापरू नका, मी मेकॅनिक लोकांनाही छिन्नीने ठोकताना बघितलंय आणि ती लॉकरिंग परत कधीच नीट निघत नाही. मग सायकल चालवा, एखादा चढ उभं राहून चढा, कॉग अजून आवळला जातो, घरी येऊन लॉकरिंग परत आवळा. पहिल्या आठवड्यात हे दोनतीनदा करायचंय.

दात्यांचं गणित

समोरच्या चेनव्हीलचे दाते मोजा, खडूने एका दात्यावर खूण करून. माझ्या सायकलला ४४ निघाले, काहींना ४८ असतात. मागे १८ चा कॉग लावला तर ४४ भागिले १८, म्हणजे २.४४, पायडलच्या एका फेरीत चाक एवढ्या वेळा फिरतं. मोठ्या २८ इंची चाकाचा घेर २.२ मीटर धरला तर एका फेरीत जवळपास ५.४ मीटर. म्हणजे ताशी २० ला मिनिटाला साधारण ६२ फेऱ्या, आरामात. ताशी ३० ला ९३, घाम. आणि ताशी ४० ला १२४, तेव्हा तुम्ही सायकल चालवत नसता, सायकल तुम्हाला चालवत असते.

मुंबईतल्या सपाट रस्त्यांवर लोक जड गिअर लावतात, ते बघून इथे ४८/१६ लावू नका. पुणं वाटीसारखं आहे, नदीकडून कुठेही निघालात की चढ. सेनापती बापट रस्ता, विद्यापीठाकडे जाणारा गणेशखिंड रस्ता, कोथरूडहून चांदणी चौक, हे सगळं एकाच गिअरवर चढायचंय आणि तितकंच महत्त्वाचं, पायाने अडवत उतरायचंय. २.४ ते २.६ च्या मध्ये राहा. ४८/१६ मध्ये अजून एक गोम आहे, तो भागाकार बरोबर ३ येतो, त्यामुळे तुम्ही जेव्हा जेव्हा मागचं चाक घासत थांबाल तेव्हा टायरचा तोच एक भाग रस्त्याला लागणार आणि महिन्यात तिथे टायर टकला. ४४/१८ चा संक्षेप २२/९, म्हणजे झीज ९ जागी वाटली जाते. १७ चा कॉग घेतला तर १७ जागी. शाळेत ल.सा.वि.-म.सा.वि. कशाला शिकवतात ते मला इथे कळलं.

चेन आणि रेषा

चेन अर्धा बाय एक अष्टमांश इंचाची, जी साध्या सायकलला असते तीच, गिअरवाली बारीक नको. चेनव्हील आणि कॉग एका रेषेत हवेत. मागून एक डोळा मिटून बघा, चेन तिरकी जाताना दिसली तर हबच्या एक्सलवर वायसर इकडचा तिकडे करून जुळवा. फ्रीव्हीलच्या सायकलची चेन पडली तर आपण शिव्या देत बसवतो आणि निघतो, फिक्सीची चेन पडली तर ती चाकात अडकून मागचं चाक जाम होऊ शकतं, म्हणून हे बघायचंच.

ताण असा ठेवा की मधोमध बोटाने दाबल्यावर वरखाली मिळून साधारण अर्धा इंच हलेल. पण एकाच जागी बघून थांबू नका, पायडल हळूहळू पूर्ण फिरवत बघा, कारण चेनव्हील सहसा पूर्ण गोल नसतं, एका जागी चेन ताठ होते आणि दुसऱ्या जागी लोंबते. जिथे सगळ्यात ताठ होते तिथला ताण धरून चाक आवळा. कॉटरवाला क्रँक, म्हणजे पिनेने बसवलेला पायडलचा दांडा, असेल तर कॉटर पिन नवीन टाका, उलटा जोर रोज बसणार आहे, जुनी पिन आधी कुरकुरते मग हलते. छर्रे-कोन काढून सगळं ओव्हरऑइलिंग एकदा करून घ्या.

आणि हे मोठ्या अक्षरात वाचा: चेन साफ करताना पायडल फिरवत फडकं कधीही धरू नका. साध्या सायकलला हात सोडला की चेन थांबते, इथे चाकाचा वेग बोटाला कॉगमध्ये ओढून नेतो. लोकांची बोटं गेली आहेत. चाक थांबलेलं असताना थोडा भाग पुसा, थोडं फिरवा, परत थांबवून पुसा.

ब्रेकवरून वाद नको

फोटोत बिनब्रेकची सायकल देखणी दिसते हे मान्य. ट्रॅकवर ब्रेक नसतात कारण तिथे रिक्षा नसते. इथे पुढचा ब्रेक पाहिजे म्हणजे पाहिजे. नुसत्या पायाने थांबायला जागा खूप लागते, शिवाय चेन तुटली तर हातात काहीच उरत नाही.

जुन्या सायकलचं पुढचं चाक तसंच ठेवलंत तर तिचा दांडीचा ब्रेकही ठेवा, रबर नवीन टाका. नवीन कॅलिपर ब्रेक, म्हणजे रिमला दोन्ही बाजूंनी चिमटणारा, त्या गोलाकार कडेच्या रिमवर पकडत नाही, आणि उलट नवीन ७०० सी, म्हणजे हल्लीच्या मापाची, रिम लावली तर दांडीचा ब्रेक बसत नाही, म्हणजे रिम आणि ब्रेक ही जोडी एकत्रच बदलायची. लोखंडी रिमवर पावसात पहिल्या दोनतीन फेऱ्या पाणी पुसण्यातच जातात, जूनपासून सप्टेंबरपर्यंत हे लक्षात ठेवून अंतर ठेवा.

पहिल्यांदा बसताना

रविवारी सकाळी सहाला निघा. सपाट, रुंद, रिकामा रस्ता, कॅम्पात रेसकोर्सच्या आसपास मिळतो. म्हात्रे पुलाजवळचा डीपी रोडही तेवढ्या वेळेला बरा. बुटाची नाडी आत खोचा, पँटचा पाय मोज्यात किंवा आपले आजोबा लावायचे तशी स्टीलची क्लिप लावा, ओढणी असेल तर कमरेला गाठ. चप्पल नाही.

सुरुवातीला एकच नियम: पाय थांबवायचे नाहीत. सोपं वाटतं ना? पहिली दहा मिनिटं सगळं लक्ष असतं म्हणून काही होत नाही. अकराव्या मिनिटाला समोर कुत्रं दिसतं, वीस-पंचवीस वर्षांची सवय पाय थांबवते, आणि पायडल खालून अशी लाथ मारतं की सीटवरून उडता. प्रत्येकाला ही लाथ बसते. एकदा बसली की पाय शिकतात, त्याला दुसरा क्लास नाही.

मग हळू होणं शिका. पायडल वर येतंय त्या पायाने जरासा विरोध करायचा, ढकलायचं नाही, नुसतं वजन ठेवायचं. समोर दिव्याचा खांब धरा आणि ब्रेक न लावता तिथे थांबायचा प्रयत्न करा, ब्रेकवर बोट मात्र तयार ठेवा. आठवडाभर हेच करा. पायडलला पाय अडकवायचे पट्टे असले की वर ओढताही येतं, पण पट्टे दुसऱ्या आठवड्यात लावा, पहिल्यात पाय पटकन सुटला पाहिजे.

सिग्नलला थांबताना पायडल सोयीच्या जागी येत नाही ही सगळ्यांची तक्रार. पुढचा ब्रेक दाबा, सीट धरून मागचं चाक जरा उचला, पायडल हवं तिथे फिरवा, खाली ठेवा. एवढंच. मागे उभा असलेला स्कूटरवाला हॉर्न देईल, तो तसाही देणारच होता.

वळताना पायडल फिरतच राहतं, त्यामुळे जास्त कललात तर आतलं पायडल रस्त्याला घासतं आणि मागचं चाक उचललं जातं. १६५ मिमीचे आखूड क्रँक घेतले तर थोडी जागा मिळते. आणि आपले स्पीडब्रेकर! साध्या सायकलवर पायडल आडवी धरून उभं राहून पार करतो, इथे फिरती पायडल घेऊन पार करायचंय. वेग आधीच कमी करा, ढुंगण सीटवरून किंचित उचला आणि पायडलचा खालचा टप्पा उंचवट्याच्या माथ्यावर येणार नाही असा अंदाज घ्या. मला हा अंदाज यायला तीन महिने आणि एक पायडल लागलं.

कात्रजचा घाट, सिंहगड, हे पहिले सहा महिने नाहीच. चढू शकाल, प्रश्न उतरायचा आहे. जायचंच असेल तर वर पोचल्यावर चाक उलटं करून फ्रीव्हीलची बाजू लावा आणि तेव्हा मागेही ब्रेक असू दे. त्यासाठी १५ मिमीचा पाना कायम सोबत पाहिजे, पंक्चर झालं तरी तोच लागतो. आपल्या जुन्या एक्सलचा नट वेगळ्या मापाचा असला तर त्या मापाचा, निघायच्या आधी लावून बघा, मी एकदा खडकवासल्याला चुकीचा पाना घेऊन पोचलो आणि एका चहावाल्याने पक्कड दिली म्हणून घरी आलो.

जागच्या जागी उभं राहायचं ते सगळ्यात शेवटी. जरा चढ असलेली जागा शोधा, हँडल चढाच्या बाजूला थोडं वळवा, पायडल आडवी, पुढच्या पायाने जरा दाबलं की सायकल इंचभर पुढे, दाब सोडला की उतारामुळे मागे. नजर चाकावर नको, दहा फुटांवर ठेवा. आमच्या पार्किंगच्या रॅम्पवर मी महिनाभर हे करत होतो, खालच्या मजल्यावरच्या काकू रोज दूध आणायला जाताना बघायच्या आणि शेवटी आईला विचारून गेल्या की त्याची सायकल चालत नाहीये का, आमच्या ह्यांची पडूनच आहे, देऊ का म्हणाल्या.

घेतली. हर्क्युलस आहे, खाच आडवी, सुतळी दोन्हीकडे सारखी.